वीस हजारांत एमटीबी घ्यायची असेल तर आधी मागचं चाक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची पाच फूट सात इंच, वजन ७८ किलो. राहायला कोथरूडला, ऑफिस बाणेरला, एका बाजूने साधारण ९ किलोमीटर. रविवारी टेकडी किंवा पानशेत रोड, आणि वर्षभरात सिंहगड एकदा तरी सायकलने चढायचाच आहे. त्यासाठी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घ्यायची आहे. बजेट २०,००० रुपये. दुकानात दोन सायकली पाहिल्या. पहिलीला पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप, २१ गिअर, डिस्क ब्रेक, झगझगीत रंग. दुसरीला फक्त पुढे शॉकअप, १६ गिअर, दिसायला अगदीच साधी, आणि तरी पहिलीपेक्षा दीड हजारांनी महाग. मग कमी वस्तू असलेल्या सायकलीला जास्त पैसे का द्यायचे?

दुसरी घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर पेडलपासून घंटीपर्यंत कुठेही वाचवा, पण या दीड हजारांत वाचवू नका.

कारण सांगतो. कंपनी लुधियानाची असो, चेन्नईची असो की परदेशी, वीस हजारांच्या सायकलीत तिला खर्चायला मिळणारी रक्कम सगळ्यांची सारखीच असते. मागचा शॉकअप, २१ चा आकडा, जाडजूड नळ्या हे सगळं दुकानात पाच फुटांवरून दिसतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या आतला एक्सल (आडवा दांडा), रिमची दुहेरी भिंत, ब्रेकच्या आतलं पिस्टन दिसत नाही. दिसणाऱ्या गोष्टीवर जो खर्च होतो तो न दिसणाऱ्या गोष्टीतून कापलेला असतो. कर्वेनगरच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं हेच बघतोय, म्हणून मी कुठलीही स्वस्त एमटीबी समोर आली की पुढून बघत नाही. मागे जाऊन बसतो आणि मागच्या चाकाचे गिअर बघतो. ते चाक सांगतं की ही सायकल बनवणाऱ्याने ती कुणासाठी बनवली आहे.

मागचे गिअर दोन पद्धतीने बसवलेले असतात. जुनी पद्धत फ्रीव्हीलची: गिअरचा अख्खा गठ्ठा, आतल्या टकटक वाजणाऱ्या यंत्रणेसकट, हबवर आट्यांनी घट्ट फिरवून बसवायचा. नवी पद्धत कॅसेटची: ती टकटक यंत्रणा हबचाच भाग असते आणि गिअरच्या चकत्या तिच्यावर सरकवून बसवलेल्या असतात. वरून बघितलं तर फरक कळतही नाही. फरक आहे तो छर्ऱ्यांच्या, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांच्या जागेचा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे गिअरच्या गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे असतात. तिथून फ्रेमपर्यंत तीन-चार सेंटिमीटर एक्सल बिनआधाराचा बाहेर आलेला असतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे अगदी बाहेरच्या टोकाशी, फ्रेमला जवळजवळ चिकटून असतात. आता ७८ किलोचा माणूस आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग धरून एखाद्या खड्ड्यात मागचं चाक आपटा. बिनआधाराचा तुकडा आधी वाकतो आणि मग एक दिवस तुटतो.

माझी पहिली गिअरची सायकल अशीच होती. दोन शॉकअप, २१ गिअर, आणि माझ्या डोक्यात तेव्हा फक्त ते शॉकअप. पहिल्या पावसाळ्यात मागचं चाक डगडगायला लागलं. दुकानदाराने कोन (एक्सलवरचे, छर्रे जागेवर धरणारे नट) आवळून दिले, पुन्हा डगडग. ज्या दिवशी चाक काढलं त्या दिवशी एक्सल दोन तुकड्यांत हातात आला. नवा टाकला, तो आठ महिन्यांत गेला. दुकानदार म्हणाला, "तुम्ही सायकल जपून चालवत नाही." सायकल मी खड्ड्यांच्या रस्त्यावरच चालवत होतो, नाहीतर एमटीबी घेतली कशाला होती?

दुकानात हे ओळखायचं कसं? सर्वांत छोट्या चकतीचे दात मोजा. ११ किंवा १२ असतील तर बहुधा कॅसेट, १४ असतील तर फ्रीव्हील. त्याहून पक्की खूण म्हणजे चाक स्थिर धरून गिअर उलटे फिरवायचे आणि मध्यभागी पाना बसायच्या खाचा असतात त्यांच्याकडे बघायचं. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या तर कॅसेट, खाचा जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. माहितीपत्रक हातात असेल तर आणखी सोपं: शिमानो या गिअर-ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या भागांचा कोड 'एमएफ'ने सुरू झाला तर फ्रीव्हील, 'सीएस'ने सुरू झाला तर कॅसेट. सेल्समनला विचारू नका. दहातले सात जण आत्मविश्वासाने चुकीचं सांगतात, आणि त्यात त्यांची लबाडी नसते, त्यांनाही ठाऊक नसतं.

फ्रीव्हील म्हणजे टाकाऊ असं मात्र मी म्हणत नाही. साठ किलोच्या आतला माणूस, सपाट रस्ता, रोजचे पाच किलोमीटर, यात फ्रीव्हील वर्षानुवर्षं चालते आणि बदलायला स्वस्त पडते. तुमच्या वजनाला आणि तुमच्या रविवारांना ती पुरणार नाही, एवढंच.

आता २१ आणि १६ च्या आकड्याबद्दल. पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साते एकवीस. सोळा म्हणजे पुढे दोन, मागे आठ. एकवीसातले निम्मे गिअर एकमेकांची नक्कल असतात. चढावर कामाला येतो तो फक्त एक, सर्वांत हलका गिअर. सिंहगडचं गणित करून बघू. गोळेवाडीपासून वरपर्यंत साधारण नऊ किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या आसपास. नवखा माणूस तिथे ताशी सहा किलोमीटरने गेला तरी उत्तम, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. साडेसत्तावीस इंची चाकाचा घेर टायरसकट सुमारे २.१५ मीटर. पहिल्या प्रकारच्या सायकलींत पुढची छोटी चकती बऱ्याचदा २८ दातांची आणि मागची मोठीही २८ ची असते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पूर्ण २.१५ मीटर जाते. मिनिटाला फेरे झाले ४६. एवढ्या मंद गतीने पाय फिरवणं म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जिन्याची उंच पायरी चढणं. गुडघे संध्याकाळी हिशेब मागतात. दुसऱ्या सायकलीत पुढे २२ आणि मागे ३२ असेल, आणि १६ गिअरवाल्या एमटीबीत ही जोडी नेहमीची आहे, तर एका फेऱ्यात १.४८ मीटर आणि मिनिटाला ६८ फेरे. त्याच चढावर, त्याच वेगाने, तोच माणूस बोलत बोलत वर जातो. उतारावर आणि सपाटीवर पुढे ३६ आणि मागे ११ ची जोडी ताशी तीस-बत्तीसपर्यंत सहज साथ देते. बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये त्याहून वेगाने जायला जागा कुठे आहे?

पुढे एकच चकती आणि मागे मोठी कॅसेट असाही प्रकार हल्ली या बजेटच्या जवळपास दिसतो. वापरायला फार सोपा, बिघडायला कमी. मागची सर्वांत मोठी चकती किमान ४२ दातांची असेल तर जरूर विचार करा, ३४ ची असेल तर सिंहगड विसरा.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सिंहगड चढणं ऐच्छिक आहे, उतरणं सक्तीचं आहे. माउंटन बाइकिंगचा उगमच मुळी ब्रेकच्या त्रासाशी जोडलेला आहे. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीत, सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन टमाल्पाइस डोंगराच्या परिसरात उतारावर शर्यती लावायची. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नाव होतं रीपॅक. पायडल उलटं दाबून लागणारा हबमधला ब्रेक उतारभर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणून रीपॅक. त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी खास पहिली फ्रेम बांधली. तेव्हा सुटे भाग चांगले नव्हते म्हणून त्यांचे हाल झाले. आपले होतात ते 'डिस्क ब्रेक' या दोन शब्दांवर भाळल्यामुळे.

स्वस्त सायकलीवरचा डिस्क ब्रेक जवळजवळ नेहमी तारेचा असतो. त्यात एकच पॅड हलतो, तो डिस्कला ढकलून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. पॅड झिजला की तार ओढून घ्यावी लागते, पावसात तारेच्या आवरणात चिखल गेला की लिव्हर जड होतो, आणि डिस्क जराशी वाकली की आयुष्यभर 'श्श-श्श' आवाज. नीट बसवलेला, नावाजलेल्या कंपनीचा तारेचा डिस्क ब्रेक चालतो. निनावी मात्र साध्या व्ही-ब्रेकपेक्षाही (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकपेक्षाही) वाईट. हायड्रॉलिक ब्रेक, म्हणजे तेलावर चालणारा, मिळाला तर सोन्याहून पिवळं. शिमानोचा एमटी २०० किंवा टेक्ट्रोचे सुरुवातीचे हायड्रॉलिक एवढीही पायरी तुम्हाला पुष्कळ आहे. दोन्हींत मिनरल ऑइल लागतं. कुणी त्यात मोटरसायकलचं ब्रेक ऑइल भरू लागला तर हात धरा, आतले रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. बजेटमध्ये हायड्रॉलिक बसत नसेल तर निनावी डिस्कऐवजी चांगला व्ही-ब्रेक घ्या. आणि ब्रेक कुठलाही असो, चेनला तेल घालताना स्प्रे मारू नका. डिस्कवर उडालेला एक थेंब नव्या पॅडची जोडी वाया घालवतो. दर पावसाळ्यात माझ्याकडे या कारणाने पाच-सहा जण तरी येतात.

शॉकअपबद्दल लोकांना वाईट वाटेल असं बोलतो. वीस हजारांच्या सायकलीचा पुढचा शॉकअप म्हणजे एक स्प्रिंग आणि तिच्यावर टोपी. स्प्रिंग दाबली गेल्यावर तिला सावकाश परत आणणारी यंत्रणा म्हणजे डॅम्पिंग, ती या किमतीत नसते किंवा नावापुरती असते. म्हणून तो दगडावर दबतो आणि लगेच उसळून हात वर फेकतो. वजन अडीच किलोच्या पुढे. साध्या लोखंडी चिमट्याचं, म्हणजे शॉकअप नसलेल्या फोर्कचं वजन याच्या निम्मं भरतं. वरची फिरकी फिरवली की मऊ-कडक होतो असं सांगतात, फिरवून बघा, फरक शोधावा लागतो. तरीही पुढचा शॉकअप टाळणं कठीण आहे, कारण तो नसलेली एमटीबी दुकानदार ठेवतच नाहीत. मिळाला तर लॉक असलेला घ्या, म्हणजे चढावर आणि डांबरी रस्त्यावर तो बंद करता येईल. सनटूर कंपनीचा एक्ससीटी किंवा एक्ससीएम असेल तर सुटे भाग आणि माहिती दोन्ही मिळतात. पाऊस संपला की वरच्या चकाकत्या नळ्या पुसून ठेवा, नाहीतर गंजाचे ठिपके पडतात आणि मग तो किरकिरत हलतो.

मागचा शॉकअप मात्र या किमतीत अजिबात नको. सांध्यांत प्लास्टिकचे बुश, वर एक स्प्रिंग. प्रत्येक पायडलला सायकल खाली-वर होते आणि तुमच्या पायांची ताकद ती स्प्रिंग दाबण्यात जाते. वर्षभरात सांधे ढिले. वजन १८ किलोच्या घरात. असल्या सायकलवर सिंहगड चढलेला माणूस मी पाहिलाय, पण तो दुसऱ्यांदा गेला नाही.

एक गोष्ट कुणीच बघत नाही ती म्हणजे सायकलीबरोबरची पुस्तिका. एएसटीएम या अमेरिकी संस्थेच्या एफ२०४३ मानकाप्रमाणे सायकलींचे वापरानुसार वर्ग केलेले असतात. वर्ग १ म्हणजे फक्त पक्का रस्ता. वर्ग २ मध्ये कच्चा रस्ता, खडी आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची उडी. वर्ग ३ म्हणजे खडबडीत पायवाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतची उडी. सगळे उत्पादक हे छापत नाहीत. पण छापलं असेल, आणि नावात एमटीबी असूनही पुस्तिकेत वर्ग १ किंवा 'डोंगराळ वापरासाठी नाही' असं लिहिलं असेल, तर उत्पादकाने खरं सांगितलंय असं समजून सायकल परत जागेवर ठेवा.

साइज. पाच फूट सात इंचाला साधारण मीडियम, म्हणजे १७ इंचाच्या जवळपासची फ्रेम. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मधल्या नळीवर उभे राहा, किमान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. दुकानात तुमचा साइज नसला की सीट वर-खाली करून 'बघा, बसते ना' असं दाखवतात. सीटने पायांचं अंतर जुळतं, हातांचं जुळत नाही. फ्रेम लहान असेल तर गुडघे हँडलशी भांडतात, मोठी असेल तर तासाभरात मान आणि मनगटं. हव्या साइजसाठी पंधरा दिवस थांबावं लागलं तर थांबा. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची घ्या आणि मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ज्या पत्र्यावर बसतो तो हँगर स्क्रूने सुटा होणारा आहे ना, एवढं बघा. सायकल उजवीकडे पडली की तोच वाकतो. सुटा असेल तर काही शेकड्यांत भागतं, फ्रेमचाच भाग असेल तर अ‍ॅल्युमिनियम वाकवून सरळ करायचा जुगार.

चाक साडेसत्तावीस की एकोणतीस, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या उंचीला दोन्ही चालतील, फ्रेम जी अंगाला बसते ती घ्या. फक्त रिम दुहेरी भिंतीची हवी. टायरबद्दल मात्र ऐका: नव्या सायकलीवरचे मोठ्या गुठळ्यांचे टायर रोजच्या अठरा किलोमीटर डांबरावर घरघर करत दम काढतात. मधे सलग पट्टा आणि कडेला गुठळ्या असलेले १.९५ ते २.१ रुंदीचे टायर सहा महिन्यांनी टाका, ऑफिसला पाच मिनिटं लवकर पोहोचाल. हवा रस्त्यावर मागे ४०, पुढे ३५ पीएसआय. टेकडीवर पाच-सात कमी. त्याहून कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. टेकडीवर बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालून ठेवा, आणि काटा दिसला तर रस्त्यात उपटू नका, घरी येऊन उपटा. अजून एक, सकाळी सातला वेताळ टेकडीवर आजी-आजोबा फिरायला असतात. घंटी लावा आणि त्यांच्यामागून येताना वेग कमी करा.

कुठली कंपनी, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं. मॉडेल दरवर्षी बदलतात, त्याच नावाखाली यंदा कॅसेट आणि पुढच्या वर्षी फ्रीव्हील असंही होतं, म्हणून नावापेक्षा वरच्या खुणा बघा. या बजेटमध्ये डेकॅथलॉनच्या रॉकरायडर, हीरो सायकल्सच्या मालकीची फायरफॉक्स आणि चेन्नईच्या टीआय सायकल्सची मॉन्ट्रा आधी बघाव्यात. ट्रेक, जायंट, स्कॉट, मेरिडा यांच्या एमटीबी तुमच्या रकमेच्या वर सुरू होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या स्टॉकवर जुनीच किंमत चिकटवलेली असेल तर विचारायला लाजू नका.

वापरलेली सायकल घ्यायची तयारी असेल तर वीस हजारांत तुम्ही एक पायरी वर जाता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेल्या चांगल्या सायकली पुण्याच्या पार्किंगमध्ये अजून धूळ खात उभ्या आहेत. बघताना हँडलखालच्या जोडाजवळ रंगाला तडा आहे का ते पाहा. क्रँक (पायडल बसतो तो दांडा) धरून आडवं हलवा, खडखड नको. मागचं चाक फिरवून आउट किती आहे, म्हणजे ते डावी-उजवीकडे किती डुलतं ते बघा. थोडा आउट स्पोक आवळून निघतो, दणका बसून रिम चेपली असेल तर नाही. बिल मागा, आणि क्रँकच्या खाली फ्रेमवर कोरलेला नंबर बिलाशी जुळवा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असली तरी नको.

वीसातले सतरा हजार सायकलीवर आणि तीन हजार बाकी गोष्टींवर, असा हिशेब आधीच ठेवा. हेल्मेट ईएन १०७८ या युरोपीय मानकाचं. जाड कुलूप, पुढे-मागे दिवे, छोटा पंप, जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर. मडगार्ड जूनच्या आधी, नाहीतर ऑफिसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन बसाल.

ऑनलाइन मागवलीत तर खोक्यातली सायकल 'पंच्याऐंशी टक्के जोडलेली' येते. उरलेले पंधरा टक्के घरी करू नका. तीन-चारशे रुपये देऊन मेकॅनिककडे जोडून घ्या. शॉकअप उलटा, म्हणजे तोंड मागे करून बसवलेल्या सायकली मी रस्त्यात थांबवून दुरुस्त केल्या आहेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसल्याने ताकद लावून क्रँकचे आटे खाल्लेले तर विचारूच नका.

नव्या चाकाचे स्पोक पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये बसतात आणि ढिले होतात. गिअर आणि ब्रेकच्या ताराही त्याच काळात ताणतात. दुकानाची पहिली मोफत सर्व्हिस त्यासाठीच असते, आणि बहुतेक जण 'सायकल तर मस्त चाललीय' म्हणून ती सोडून देतात. तुमच्या रोजच्या फेऱ्यांच्या हिशेबाने ही वेळ दुसऱ्या आठवड्याच्या आतच येईल. त्या दिवशी सायकल घेऊन जा आणि सांगा, मागच्या चाकाचे स्पोक आधी आवळा.